केडगावच्या जुळारी स्त्रिया

बायबलमधील ‘निर्गम’ हे पुस्तक वाचताना बहुतेकांची गती एका ठिकाणी मंदावते. मिसर देशातून सुटलेल्या लोकांची चित्तथरारक कथा थांबते आणि निवासमंडपाची मोजमापे सुरू होतात. पडदा अठ्ठावीस हात लांब, चार हात रुंद; त्याला बिरडी पन्नास. उपासनेचा या हिशेबाशी काय संबंध, असे वाटते. परंतु ईश्वराने आपल्या आत्म्याने परिपूर्ण केले म्हणून तिथे ज्याचे नाव येते, तो बसालेल पुरोहित नव्हे, कारागीर आहे. मंडपासाठी बकऱ्यांचे केस कातले स्त्रियांनी. पितळी गंगाळ घडले तेही सेवेकरी स्त्रियांच्या आरशांतून.

पंडिता रमाबाईंच्या (१८५८-१९२२) उत्तरायुष्याकडे पाहताना ही प्रकरणे हटकून आठवतात.

अक्षराची शुद्धता हा त्यांचा घरचाच वारसा. अनंतशास्त्री डोंगरे यांनी विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकविले आणि त्या माउलीने लेकीला. तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडणाऱ्या या कुटुंबातील आईवडील १८७४ च्या सुमारास दुष्काळात गेले. पुढे १८७८ मध्ये कोलकात्याच्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. वैधव्य, १८८३ मधील इंग्लंडातील धर्मांतर, १८८९ चे शारदा सदन आणि त्यावरून उठलेले वादळ सर्वपरिचित आहे. त्यांच्या शेवटच्या मोठ्या कामाविषयी मात्र आपल्याकडे फारसे बोलले जात नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणि विधवा पुणे जिल्ह्यातील केडगावला आणल्या. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये विणकाम, शेती, गोठा आणि छापखानाही उभा राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. ज्यांच्या मुखी संस्कृत सहज खेळत होते, त्यांनी खेड्यातील अल्पशिक्षित बाईला कळावे म्हणून पंडिती शब्द निग्रहाने दूर ठेवले. मुळाशी इमान राखण्याच्या हट्टामुळे वाक्ये कुठे कुठे अवघडली, हे मान्य करावे लागेल. चर्चमध्ये हे भाषांतर रूढही झाले नाही. पण गृहिणी, विधवा, दुष्काळातून वाचलेली पोर यांना समोर ठेवून पवित्र ग्रंथाचा शब्दन्‌शब्द तोलणारे दुसरे कोणी त्या काळी मराठीत दिसत नाही.

छपाईचे कामही स्त्रियांनीच केले. शिशाचा एकेक खिळा उचलून उलट्या अक्षरांत ओळ जुळवायची; वेलांटी, रफार, जोडाक्षर यांचे खिळे अचूक शोधायचे; मुद्रिते तपासून पुन्हा दुरुस्त करायची. मराठीची जुळणी ही इंग्रजीहून कितीतरी किचकट. काही वर्षांपूर्वी ज्यांना स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते, अशा हातांनी हे केले. कानामात्रेची चूक होऊ न देणे ही त्यांची प्रार्थनाच होती, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

जुलै १९२१ मध्ये रमाबाईंची एकुलती एक कन्या मनोरमा गेली. आईचे काम पुढे चालविणारी तीच होती. त्या दुःखातही, ऐकू येणे जवळजवळ बंद झालेले असताना, रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या. ते काम हातावेगळे केल्यानंतर लवकरच, ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल केडगावच्याच छापखान्यातून १९२४ मध्ये बाहेर पडले. जुळणी करणाऱ्या स्त्रियांपैकी बहुतेकींची नावे आज आपल्याला ठाऊक नाहीत. आरसे देणाऱ्या त्या स्त्रियांचीही ‘निर्गम’मध्ये नाहीत.