'पॉट्स स्पाइन'वाले पॉट

मणक्याच्या टीबीला आपल्याकडचे डॉक्टर अजूनही 'पॉट्स स्पाइन' म्हणतात. हे पॉट आपल्या याच लंडनचे, म्हणून यावेळी त्यांची ओळख करून देत आहोत.

पर्सिव्हल पॉट यांचा जन्म १७१४ चा, थ्रेडनीडल स्ट्रीटवरचा. वडील लहानपणीच गेले. पुढे ते सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात सर्जन झाले. १७५६ मध्ये घोड्यावरून पडून त्यांचा पाय मोडला. त्यांनी कोणालाही हलवू दिले नाही. ऐन थंडीत रस्त्यातच पडून राहिले, एक दार विकत आणवले, त्याला दांडे ठोकून घेतले आणि त्यावरून घरी गेले! पाय कापायची तयारी झाली होती, पण तो वाचला. आडवे पडल्या पडल्या त्यांनी पुस्तक लिहायला घेतले.

पाठीला बाक येऊन पाय लुळे पडतात, ते मार लागल्यामुळे नव्हे तर मणक्याचे हाड किडल्यामुळे, हे त्यांनी १७७९ मध्ये मांडले. उपाय मात्र अघोरी: कुबडाच्या दोन्ही बाजूंना जखम करून ती वाहती ठेवायची. टीबीचा जंतू रॉबर्ट कॉख यांना सापडला तो १८८२ मध्ये. आज बहुतेकांना काही महिन्यांच्या गोळ्या पुरतात, पण निदान लवकर व्हायला हवे. म्हणून पाठदुखी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, बारीक ताप असेल, वजन उतरत असेल, तर घरात कोणाला टीबी झाला होता का, हे जीपीला आपणहून सांगावे.

पॉट १७८८ च्या डिसेंबरात वारले. थंडीत रुग्णाला तपासायला गेले होते, तेच बाधले.