कै. सर चिंतामणराव देशमुख : परदेशची विद्या आणि मुंबईचा प्रश्न

स्मरणिकेच्या प्रत्येक अंकात आपल्या ज्ञातीतील एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र द्यावे, असा आपल्या संस्थेचा जुना प्रघात आहे. यंदा हे काम संपादक मंडळाने आमच्याकडे सोपविले. गेली काही वर्षे आम्ही संस्थेच्या शिष्यवृत्ती समितीचेही थोडेफार काम पाहत आहोत. परदेशी शिक्षणासाठी साहाय्य मागणाऱ्या अर्जांची संख्या वाढत चालली आहे, ही आनंदाचीच गोष्ट होय. यंदाच्या अर्जदारांपैकी एका मुलाला राज्यकारभार व सार्वजनिक धोरण या विषयासाठी परदेशातील अधिछात्रवृत्ती मिळाली. त्याचे वडील आमच्याकडे फणसवाडीत भेटीस आले आणि चहा घेता घेता त्यांनी विचारले, की यंत्रशास्त्र किंवा संगणक शिकला तर समजते, पण सरकार कसे चालवावे हे परक्या देशात शिकून मुलाने पुढे करावयाचे काय? जन्मभर शिक्षकी केलेल्या माणसास उत्तर सुचू नये, याची आम्हास लाज वाटली. त्या रात्री कै. चिंतामणरावांचे चरित्र पुन्हा वाचावयास घेतले. प्रस्तुत लेख हे त्या गृहस्थांस उशिराने दिलेले उत्तर समजावे.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी कुलाबा जिल्ह्यात महाडजवळील नाते या गावी झाला. घराणे रोह्याचे, वडील वकील. शालेय शिक्षणासाठी ते मुंबईस एल्फिन्स्टन हायस्कुलात आले आणि १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत साऱ्या मुंबई विद्यापीठात पहिले आले. संस्कृतसाठी ठेवलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच पटकाविली. ज्या नानांच्या नावाचा रस्ता आपण फणसवाडीतून बाहेर पडताच लागतो, त्या नानांच्या नावाची ही शिष्यवृत्ती. त्या काळी ती मिळविणारा मुलगा घराघरांत ठाऊक होत असे. आम्ही मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. तरी मुलांना संस्कृतचे पहिले पाठ देताना हा दाखला अनेकदा दिला आहे.

पहिले महायुद्ध चालू असतानाच चिंतामणराव केंब्रिजच्या जीझस कॉलेजात दाखल झाले. विषय मात्र संस्कृत नव्हे, तर वनस्पतिशास्त्र, रसायन व भूगर्भशास्त्र. १९१७ साली त्यांनी तेथील ट्रायपॉस परीक्षा दिली आणि वनस्पतिशास्त्राचे फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळविले. पुढे १९५२ साली त्याच कॉलेजाने त्यांस सन्माननीय फेलो केले. १९१८ साली ते आय.सी.एस. परीक्षेस बसले. ही परीक्षा त्या वेळी केवळ लंडनमध्ये होत असे. हिंदुस्थानात ती १९२२ पासून होऊ लागली. गरिबाच्या मुलाने तिकडे जावे कसे, हा प्रश्न तेव्हाही होताच. चिंतामणराव त्या परीक्षेतही पहिले आले. वय अवघे बावीस.

परत आल्यावर त्यांची नेमणूक मध्यप्रांत व वऱ्हाडात झाली. कारकीर्दीचा हा भाग चरित्रांत दोन ओळींत उरकला जातो. आमच्या मते तो महत्त्वाचा आहे. जिल्ह्याचा कारभार आणि जमाबंदीचे काम त्यांनी केले. जमाबंदी म्हणजे गावोगाव फिरून कोणाची जमीन किती, तिचा कस कसा, पाणी कोठून येते, पीक काय निघते हे पाहून सरकारी सारा ठरविणे. सारा जास्त ठरला तर कुणबी सावकाराच्या दारी जातो, कमी ठरला तर सरकारची तिजोरी रिकामी राहते. केंब्रिजात झाडांची पाने निरखणाऱ्या तरुणाने येथे शेतकऱ्याचे शेत निरखिले. पुढे ते प्रांताचे महसूल व अर्थ चिटणीस झाले, तेही लहान वयात. १९३१ साली लंडनमध्ये दुसरी गोलमेज परिषद भरली, तेव्हा तिच्या चिटणिसांत ते होते. महात्माजी त्या परिषदेस आले होते. इंग्रज सरकारचा नोकर म्हणून कागदपत्रे सांभाळीत बसलेल्या या मराठी अधिकाऱ्याच्या मनात तेव्हा काय चालले असेल, ते वाचकांनीच कल्पावे.

१९३९ साली ते रिझर्व्ह बँकेत आले, १९४१ अखेर डेप्युटी गव्हर्नर झाले आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी गव्हर्नर. या पदावर बसलेले ते पहिले हिंदी गृहस्थ. पुढल्याच वर्षी त्यांस सर ही पदवी मिळाली. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे चव्वेचाळीस राष्ट्रांची परिषद भरली. युद्धानंतर जगाचा पैशाचा व्यवहार कसा चालावा, हे तेथे ठरावयाचे होते. हिंदी शिष्टमंडळाचे प्रमुख अर्थातच इंग्रज, सर जेरेमी रेझमन. पण त्यात चिंतामणराव, षण्मुखम् चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ हेही होते. देश परतंत्र, तरी आवाज आपला.

प्रश्न काय होता, हे घरातील उदाहरणाने सांगितले तर समजेल. युद्धात इंग्लंडने हिंदुस्थानातून धान्य, कापड, दारूगोळा, सारे काही उचलले आणि त्याचे मोल लंडनमध्ये पौंडांच्या रूपाने आपल्या नावे जमा केले. अशी सुमारे १,७०० कोटी रुपयांची रक्कम साठली. किराणा नेणाऱ्या मोठ्या गिऱ्हाईकाने वही भरून ठेवावी आणि वाण्याच्या घरी मात्र चूल विझावी, असा तो प्रकार. बंगालचा दुष्काळ याच काळातला. ती रक्कम सोडवून घेण्याची काही तरतूद नव्या व्यवस्थेत व्हावी, असा आग्रह आपल्या मंडळींनी धरला. इंग्लंडने विरोध केला आणि ती मागणी तेथे मान्य झाली नाही. तरी जेत्यांच्या सभेत एका परतंत्र देशाने येणे मागितले, हे लहान नव्हे. नाणेनिधीत हिंदुस्थानचा वाटा ४० कोटी डॉलरचा ठरला. पुढे रशिया निधीत सामील झाला नाही, त्यामुळे पहिल्या पाच देशांत आपला समावेश होऊन कार्यकारी मंडळावर आपल्याला हक्काची जागा मिळाली. १९५० साली पॅरिस येथे नाणेनिधी व जागतिक बँक यांच्या संयुक्त वार्षिक सभेचे अध्यक्षस्थान चिंतामणरावांनीच भूषविले.

फाळणीनंतर रिझर्व्ह बँक ३० जून १९४८ पर्यंत भारत व पाकिस्तान या दोन्ही देशांची बँक होती. भावाभावांत वाद पेटला असता एकाच मुनिमाने दोघांच्या वह्या लिहावयाच्या, इतके ते अवघड काम. १ जानेवारी १९४९ रोजी बँक राष्ट्राच्या मालकीची झाली आणि त्याच वर्षी चिंतामणरावांनी गव्हर्नरपद सोडले. १९५० च्या जूनमध्ये पंडित नेहरूंनी त्यांस अर्थमंत्री केले, आणि १९५२ च्या निवडणुकीत कुलाब्याने त्यांस लोकसभेत पाठविले. पहिली पंचवार्षिक योजना, १९५५ साली झालेली स्टेट बँक, ही कामे सर्वांस विदित आहेत.

आता मुख्य गोष्ट. १६ जानेवारी १९५६ रोजी पंडितजींनी मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय जाहीर केला. गिरगावापासून लालबाग-परळपर्यंत शहर पेटून उठले. त्याआधी २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार होऊन पंधरा माणसे पडलीच होती. या जानेवारीत त्याहून किती तरी अधिक पडली. आमचा जन्म पुढचा. परंतु वडील सांगत, की त्या आठवड्यात फणसवाडीतील चाळींच्या खिडक्या दिवसाही बंद असत आणि दूध आणावयास जाणेही जोखमीचे होते. त्याच आठवड्यात, १९ जानेवारीस, चिंतामणराव आकाशवाणीवर बोलले, ते आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाविषयी. विमा कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्याची ती घोषणा होती. विमा उतरविणाऱ्या सामान्य माणसाचा पैसा बुडू नये, म्हणून उचललेले ते मोठे पाऊल. पण ज्या शहरात तो आवाज ऐकला जात होता, तेथे रस्त्यावर प्रेते होती. पंतप्रधानांचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचार न होता झाला, असे चिंतामणरावांचे मत होते. त्यांनी जानेवारीतच राजीनामा देऊ केला. तो तेव्हा थोपविण्यात आला.

त्यांनी त्याच वेळी हट्ट धरून बाहेर पडावयास हवे होते, असे मानणारे पुष्कळ होते. आमच्या वडिलांचेही तेच मत. आम्हास मात्र वाटते, की मार्चमध्ये अर्थसंकल्प पुरा करून, विम्याचे काम मार्गी लावून निघणे हे त्या माणसाच्या शिस्तीला धरूनच झाले. जुलैत राज्यपुनर्रचनेचे विधेयक संसदेपुढे होते आणि त्यातही मुंबई महाराष्ट्राबाहेरच राहिली होती. तेव्हा त्यांनी पद सोडले. २५ जुलै १९५६ रोजी लोकसभेत त्यांनी कारणे सांगितली. पंतप्रधानांच्या कार्यपद्धतीवर त्यांनी समोरासमोर टीका केली आणि मुंबईतील गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारल्याबद्दल दोष दिला. आवाज चढविला नाही. पुढच्याच महिन्यात संसदेने विशाल द्वैभाषिक राज्य स्वीकारले आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. हे श्रेय रस्त्यावर पडलेल्या शंभराहून अधिक हुतात्म्यांचे आहे. त्यांत गिरणी कामगार होते, शाळकरी मुले होती. परंतु दिल्लीत ज्याच्यापाशी गमावण्यासारखे काही होते आणि ज्याने ते गमाविले, त्याचे नाव या यादीशेजारी घेतले पाहिजे.

यानंतर ते स्वस्थ बसले नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाचे ते अध्यक्ष झाले आणि १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९५९ साली सरकारी सेवेसाठी त्यांस मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी मंत्र्यांवरील भ्रष्टाचाराच्या आरोपांच्या चौकशीसाठी निःपक्षपाती यंत्रणा असावी असे त्यांनी सुचविले. पंडितजींना ते रुचले नाही. दिल्लीतील इंडिया इंटरनॅशनल सेंटर ही संस्था १९६२ साली सुरू झाली, तिच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. देशोदेशीचे विद्वान तेथे येऊन राहतात व आपल्या विद्वानांशी बोलतात. तरुणपणी स्वतः परदेशी गेलेल्या माणसाने उतारवयात परदेशाला आपल्या घरी बोलाविले. १९६९ साली राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीस ते उभे राहिले व पराभूत झाले. तो मार्ग त्यांचा नव्हता, असे आम्हास नम्रपणे वाटते.

आणखी एक गोष्ट आपल्या स्मरणिकेत सहसा लिहिली जात नाही, ती लिहितो. चिंतामणरावांचे दोन्ही विवाह ज्ञातीबाहेर झाले. पहिला रोझिना या आंग्ल स्त्रीशी. त्यांच्या निधनानंतर १९५३ साली आंध्रच्या दुर्गाबाईंशी, ज्या घटना समितीच्या सभासद होत्या व पुढे मध्यवर्ती समाजकल्याण मंडळाच्या अध्यक्षा झाल्या. आपल्यातील काही वडीलधाऱ्यांना हे फारसे आवडले नव्हते, हे आम्ही लहानपणी घरात ऐकले आहे. आज आपण त्यांची तसबीर लावतो आणि आपल्यातले म्हणून सांगतो. सांगावे, मात्र सारे सांगावे. कालिदासाचे मेघदूत मराठीत आणणारा हा संस्कृतज्ञ कोणा एका ज्ञातीत मावणारा नव्हता.

दुर्गाबाई १९८१ साली गेल्या. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे चिंतामणरावांचे निधन झाले.

त्या मुलाचा अर्ज समितीने मंजूर केला आहे. संस्थेच्या सभागृहातील चिंतामणरावांच्या तसबिरीखाली सध्या केवळ माजी अर्थमंत्री एवढेच लिहिलेले आहे. त्याखाली जुलै १९५६ मध्ये मुंबईसाठी पदत्याग, ही ओळ घालावी, अशी विनंती आम्ही व्यवस्थापक मंडळास लेखी केली आहे.