लुसी विल्स आणि शाळेतली निळी गोळी

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, लाल रक्तपेशींचा पाठ शिकवताना आपण बहुतेक वेळा लोहापाशीच थांबतो. नुसतं लोह पुरत नाही, हे आपल्या मुंबईत काम करून दाखवणाऱ्या एका डॉक्टर बाईंची आज ओळख करून घेऊ या.

लुसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमध्ये झाला. केंब्रिजला त्या वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र शिकल्या. तेव्हा तिथे मुलींना परीक्षा देता येई, पदवी मात्र मिळत नसे. पण त्या थांबल्या नाहीत. लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन १९२० मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

१९२८ मध्ये त्या मुंबईला आल्या. इथल्या अनेक गरीब गरोदर स्त्रियांना तीव्र रक्तक्षय व्हायचा, काही जणी त्यात दगावायच्या. त्याचं कारण शोधायचं होतं.

तुम्हाला माहीतच आहे, लाल रक्तपेशी फुप्फुसांतून ऑक्सिजन घेऊन तो शरीरभर पोहोचवतात. एक पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून अस्थिमज्जेत नव्या पेशी सतत तयार व्हाव्या लागतात. या स्त्रियांच्या रक्तात मात्र पेशी कमी होत्या आणि आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या होत्या!

विल्स यांनी आधी जंतुसंसर्गाची शक्यता तपासली. पुरावा मिळाला नाही, तेव्हा त्यांनी त्या स्त्रियांच्या ताटात काय असतं ते पाहिलं. त्यात भाजीपाला, फळं, प्रथिनं फारच कमी होती. मग त्यांनी यीस्टचा स्वस्त अर्क, मार्माइट, देऊन पाहिला आणि रुग्ण बऱ्या होऊ लागल्या. हे निष्कर्ष १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले.

अर्कातला तो घटक म्हणजे फोलेट, हे नंतर कळलं. १९४१ मध्ये तो पालकाच्या पानांतून वेगळा केला गेला. फोलेट नसेल तर पेशीला नवा डीएनए बनवता येत नाही. ती वाढते, पण तिचं विभाजन नीट होत नाही. म्हणून पेशी मोठ्या आणि थोड्या!

विल्स १९६४ मध्ये वारल्या. पण शाळेत मुलामुलींना आठवड्याला मिळणाऱ्या निळ्या गोळीत लोहाबरोबर फॉलिक आम्लही असतं. काही मुली ती गोळी गुपचूप फेकून देतात. त्यांना रागावण्याआधी ही गोष्ट जरूर सांगा. कशासाठी घ्यायची हे कळलं, तर गोळी घेतली जाण्याची शक्यता जास्त.