बेसबॉलला आकड्यांची भाषा देणारा पत्रकार

मैदानावर न जाताही खेळाडूची कामगिरी आकड्यांवरून जोखण्याची सवय अमेरिकी वाचकांना लावली ती हेन्री चॅडविक यांनी. इंग्लंडमधील एक्झेटर येथे १८२४ मध्ये जन्मलेले चॅडविक बालपणीच कुटुंबासह ब्रुकलिनला आले व पुढे क्रिकेटचे वार्ताहर झाले. १८५६ मध्ये क्रिकेट सामन्याहून परतताना होबोकेनच्या मैदानावर रंगलेल्या बेसबॉलने त्यांना वेड लावले. हा खेळ तेव्हा प्रामुख्याने न्यूयॉर्क परिसरातील क्लबांपुरता मर्यादित होता.

‘न्यूयॉर्क क्लिपर’मधून चॅडविक यांनी त्याचा प्रसार आरंभला. क्रिकेटच्या धावफलकाच्या धर्तीवर त्यांनी बेसबॉलचा गुणतक्ता रूढ केला. १८६० मध्ये त्यांच्या संपादनाखाली नियम व आकडेवारी देणारी दहा सेंटची वार्षिक पुस्तिका निघाली आणि दूरदूरच्या क्लबांना एकच नियमावली लाभली.

उतारवयात मात्र संघर्ष वाट्याला आला. बेसबॉलचा उगम इंग्लंडच्या राउंडर्समध्ये आहे, असे चॅडविक सातत्याने मांडत. ज्यांच्या वार्षिकाचे ते संपादक होते, त्या क्रीडासाहित्य उद्योजक अल्बर्ट स्पॉल्डिंग यांना तो अस्सल अमेरिकी ठरवायचा होता. स्पॉल्डिंग यांच्या पुढाकाराने नेमलेल्या समितीने १९०७ मध्ये ॲब्नर डबलडे यांनी १८३९ मध्ये कूपर्सटाउन येथे हा खेळ शोधल्याचा निर्वाळा दिला. पुढच्याच वर्षी चॅडविक यांचे निधन झाले.

इतिहासकारांनी कालांतराने डबलडे यांची कथा निराधार ठरवली. १९३८ मध्ये चॅडविक यांची बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’साठी निवड झाली. हे सन्मानदालन उभे आहे ते त्याच कूपर्सटाउनमध्ये!