पं. विष्णु दिगंबर पलुसकर : अधू दृष्टीचा गायक आणि संगीताचे छापील पान

नवी दिल्ली, १८ ऑगस्ट : राजधानीतील गांधर्व महाविद्यालय १९३९ मध्ये विनयचंद्र मौद्गल्य यांनी स्थापन केले. ज्यांचा वारसा ही संस्था चालवते, ते पंडित विष्णु दिगंबर पलुसकर त्यापूर्वी आठ वर्षे निवर्तले होते. हिंदुस्थानी संगीताला वर्ग, परीक्षा आणि पाठ्यपुस्तके देण्यात अग्रभागी असलेल्या या गायकाला स्वतःला वाचन कष्टाचे होते.

पलुसकरांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील दिगंबर गोपाळ कीर्तनकार होते. बालपणी दत्तजयंतीच्या उत्सवात दारूकाम चेहऱ्याजवळ फुटले आणि डोळ्यांना गंभीर इजा झाली. दृष्टी कायमची अधू राहिली, शालेय शिक्षण खुंटले. मिरज संस्थानाच्या आश्रयाने त्यांना बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकण्याची संधी लाभली. तेथे विद्या कानांनी घ्यावयाची होती, त्यामुळे डोळ्यांचे अधूपण आड आले नाही. मात्र गुरूची मर्जी सांभाळणाऱ्या मोजक्यांनाच ती विद्या मिळे, हे त्यांनी जवळून पाहिले.

१८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडले. सौराष्ट्रात तिकीट लावून जाहीर मैफल करण्याचे धाडस त्यांनी केले आणि पुढे ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय उघडले. १९०८ मध्ये मुंबईत शाखा निघाली. तेथील भव्य इमारत कर्जापायी हातची गेली. त्यानंतर ते नाशिकला रामनामात रमले आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांचे निधन झाले. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास हे त्यांचे शिष्य.

एकाच वेळी अनेकांना शिकवायचे तर पुस्तक हवे, म्हणून त्यांनी स्वतःची स्वरलिपी सिद्ध केली आणि ‘संगीत बालप्रकाश’सारखी क्रमिक पुस्तके काढली. ही लिपी बारकाव्याची आहे. मंद्र सप्तकाच्या स्वरावर बिंदू, तार सप्तकाच्या स्वरावर उभी रेघ, तर स्वराखाली मात्रेचे चिन्ह : पूर्ण मात्रेला आडवी रेघ, अर्ध्या मात्रेला शून्य. त्याखाली बोल आणि तालाच्या खुणा. एका स्वराचा पुरता अर्थ कळण्यासाठी नजरेला वरपासून खालपर्यंत उतरावे लागते.

नेमकी हीच रचना आज अंध विद्यार्थ्यांच्या वाटेत उभी राहते. ब्रेल बोटाने डावीकडून उजवीकडे वाचायची लिपी आहे, तिच्यात वर-खाली रचलेली चिन्हे एकामागून एक मांडावी लागतात. लुई ब्रेल स्वतः ऑर्गनवादक होते. १८२९ च्या पहिल्याच पुस्तकात त्यांनी संगीतलेखनाचा विचार केला. पुढे रूढ झालेल्या त्यांच्या पद्धतीत सहा बिंदूंपैकी वरचे चार स्वर दर्शवतात आणि खालचे दोन त्याचा काळ. परंतु ती पाश्चात्त्य संगीतासाठी घडली आहे. १९५१ पासून रूढ असलेली भारती ब्रेल भारतीय भाषांची अक्षरे देते, तथापि सप्तक, मात्रा, सम आणि खाली यांच्या खुणा वेगळ्या ठरवाव्या लागतात. स्कॅन केलेले पान तर स्क्रीन रीडरला केवळ चित्र असते.

कायद्याची अडचण मात्र उरलेली नाही. पलुसकरांची पुस्तके स्वामित्वहक्काच्या मुदतीबाहेर गेली आहेत आणि इतर पुस्तकांचे सुलभ स्वरूपात रूपांतर करण्याची मुभा २०१२ च्या दुरुस्तीने दिली आहे. उरते ते कष्टाचे काम : दोन्ही लिप्या जाणणाऱ्याने एकेक बंदिश उतरवणे. ध्वनिमुद्रण चाल शिकवते, म्हणून ते पुरेसे आहे असा समज सहज होतो. विद्यापीठीय परीक्षेत मात्र बंदिश स्वरलिपीत लिहिण्याचा प्रश्न असतो. तीच बंदिश निर्दोष गाणाऱ्या अंध विद्यार्थ्याला ती लिहिण्यापूर्वी कधीतरी बोटांखाली वाचायला मिळालेली असावी लागते.