आर्चबिशप क्रॅन्मर आणि लोकांचें प्रार्थनापुस्तक

रविवारीं उपासनेस जमलेल्या मंडळीला पुढें काय होणार हें ठाऊक असतें काय? कोणतें गीत, कोणता पाठ, प्रार्थना कोणी करावयाची, हें पुष्कळदां एकट्या उपदेशकाच्या मनांत असतें. आणि खरें सांगावयाचें तर कधीं कधीं त्याच्याहि मनांत नसतें. ज्या मनुष्यानें उपासनेचा क्रम एका पुस्तकांत बसवून तो पाळक व लोक या दोघांच्याहि हातीं दिला, त्याचें चरित्र आज सांगावयाचें योजिलें आहे.

थॉमस क्रॅन्मर यांचा जन्म इंग्लंडांतील अ‍ॅस्लॉक्टन या खेड्यांत २ जुलै १४८९ रोजीं झाला. चौदाव्या वर्षीं ते केंब्रिज येथें शिकावयास गेले. पुढें तेथील जीझस कॉलेजांत त्यांस फेलोची जागा मिळाली. पण त्यांनीं लग्न केलें, आणि विवाहितास ती जागा ठेवतां येत नसे. लवकरच बायको व मूल बाळंतपणांत गेलीं, आणि कॉलेजानें त्यांस परत घेतलें. ते सावकाश वाचीत, हातांत लेखणी धरून वाचीत, आणि मत बनवावयास फार वेळ घेत.

१५२९ सालीं सांथीच्या भयानें ते वॉल्थॅम येथें राहिले असतां राजाच्या दोन अधिकाऱ्यांशीं बोलणें निघालें. राजा आठवा हेन्री यास आपला विवाह रद्द करून घ्यावयाचा होता. विद्यापीठांतील धर्मपंडितांचें मत घ्यावें, असें क्रॅन्मर यांनीं सुचविलें. तें राजास आवडलें, आणि ३० मार्च १५३३ रोजीं हा अभ्यासू मनुष्य कँटरबरीचा आर्चबिशप झाला. त्याच्या आदल्या वर्षीं जर्मनींत वकिलीवर असतां न्यूरेंबर्ग येथें त्यांनीं सुधारलेली उपासना पाहिली होती, व तेथील ओझिआंडर या पाळकाच्या नात्यांतील मार्गारेट हिच्याशीं विवाहहि केला होता. पाद्र्यांस लग्नाची बंदी असल्यामुळें ही बायको त्यांस पुष्कळ वर्षें लपवून ठेवावी लागली. राजाच्या इच्छेपुढें मान लवविण्याची त्यांस संवय होती. ती झांकून ठेवून त्यांचें चरित्र सांगतां येणार नाहीं.

त्या काळीं उपासना लॅटिन भाषेंत चाले. पाद्री म्हणे, लोक ऐकत, समजणारे थोडे. शिवाय सॉल्झबरी, हेरफर्ड, बँगर, यॉर्क, लिंकन अशा ठिकाणांच्या रीति निरनिराळ्या. मिस्साचें पुस्तक एक, नित्यप्रार्थनेचें दुसरें, मिरवणुकीचें तिसरें. आणि नियम इतके गुंतागुंतीचे कीं आज काय वाचावयाचें हें शोधण्यास तें वाचण्यापेक्षां अधिक वेळ लागे, अशी तक्रार क्रॅन्मर यांनींच पुढें आपल्या प्रस्तावनेंत केली. पवित्र शास्त्रांतील पुस्तकें सुरू होत, पण शेवटास जात नसत. दीडशें स्तोत्रांपैकीं थोडीं रोज म्हटलीं जात आणि बाकीचीं पडून राहत.

१५४४ सालीं फ्रान्सशीं युद्ध चाललें होतें. देशभर प्रार्थनेच्या मिरवणुका काढाव्या असा हुकूम होता, पण न समजणाऱ्या शब्दांसाठीं लोक उत्साहानें येत नसत. तेव्हां क्रॅन्मर यांनीं इंग्रजी लिटनी तयार केली. लिटनी म्हणजे पाळकानें एक एक विनंती म्हणावी आणि सर्वांनीं मिळून उत्तर द्यावें अशी प्रार्थना. चालीविषयीं त्यांनीं राजास लिहिलें कीं होतां होईल तों एका अक्षरास एकच स्वर असावा, म्हणजे शब्द स्पष्ट ऐकूं येतील. ज्यानें एखाद्या लांब आलापाखालीं गीताचा अर्थ बुडालेला ऐकला आहे, त्यास या सूचनेची किंमत सांगावयास नको.

१५४७ सालीं हेन्री वारला आणि नऊ वर्षांचा एडवर्ड गादीवर आला. आतां क्रॅन्मर यांस मोकळीक मिळाली. १५४८ सालीं प्रभुभोजनाचा इंग्रजी क्रम निघाला, आणि जो प्याला पाद्रीच घेत असे तो लोकांसहि मिळूं लागला. मग ९ जून १५४९ रोजीं, पन्नासाव्या दिवसाच्या सणीं, सगळ्या देशांत एकच प्रार्थनापुस्तक सुरू झालें. मठांतील दिवसाच्या आठ प्रार्थनांच्या दोन झाल्या, एक सकाळची व एक संध्याकाळची. सर्व स्तोत्रें महिन्यांत एकदां, जुन्या कराराचा बहुतेक भाग वर्षांतून एकदां, आणि प्रकटीकरण वगळून नवा करार तीनदां वाचून व्हावा, असें कोष्टक त्यांत होतें. क्रॅन्मर यांनीं जुनें सारें टाकून दिलें नाहीं. लॅटिनांतील छोट्या प्रार्थना त्यांनीं इंग्रजींत आणल्या, ग्रीक मंडळीची एक प्रार्थना घेतली, जर्मनींतील कोलोनच्या आर्चबिशपाच्या पुस्तकांतूनहि घेतलें, आणि जेथें जुनें पुरेसें नव्हतें तेथें स्वतः लिहिलें. पवित्र शास्त्र वाचून तें मनांत मुरवावें अशी जी आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारची प्रार्थना आहे, ती नवीच रचलेली होती. पुस्तक फार महाग विकलें जाऊं नये म्हणून किंमतीची मर्यादाहि ठरविली होती.

परंतु दुसऱ्याच दिवशीं, म्हणजे १० जून रोजीं, डेव्हन परगण्यांतील सॅम्पफर्ड कोर्टनी या गांवच्या लोकांनीं आपल्या पाद्र्यास जुनी मिस्सा म्हणावयास लाविलें. बंड पसरलें आणि एक्सेटर शहरास वेढा पडला. नवी उपासना नाताळच्या खेळासारखी वाटते असें बंडवाल्यांनीं कळविलें, आणि कॉर्नवॉलच्या लोकांनीं म्हटलें कीं आमच्यांतील कित्येकांस इंग्रजी येतच नाहीं. क्रॅन्मर यांनीं उत्तर लिहिलें, कीं मग त्यांस लॅटिन तरी इंग्रजीपेक्षां अधिक येतें काय? युक्तिवाद बिनतोड होता, पण त्यांत दया थोडी होती. ऑगस्ट महिन्यांत सैन्यानें बंड मोडलें. हजारों माणसें मेलीं. मला वाटतें, या पुस्तकाच्या इतिहासांतील हें सर्वांत दुःखाचें पान आहे. लोकांच्या भाषेसाठीं केलेला क्रम लोकांस विचारल्यावांचून, कायद्याच्या जोरावर आला. आणि ज्यांची भाषा कॉर्निश होती त्यांस तो परकाच राहिला. वेल्सच्या लोकांना आपल्या भाषेंत हें पुस्तक १५६७ सालीं मिळालें. कॉर्निश लोकांसाठीं तितकी कळकळ कोणी दाखविली नाहीं.

जर्मनींतून आलेला पंडित ब्यूसर याचे आक्षेप लक्षांत घेऊन १५५२ सालीं क्रॅन्मर यांनीं पुस्तक पुन्हां सुधारलें. तें नोव्हेंबरांत लागू झालें, आणि पुढच्या जुलईंत एडवर्ड वारला. राणी मेरी रोमन पंथाची होती. क्रॅन्मर यांनीं मित्रांस देश सोडावयास सांगितलें, पण आपण राहिले. प्रथम लंडनच्या टॉवरांत, मग ऑक्सफर्ड येथें ते कैदेंत होते. १६ ऑक्टोबर १५५५ रोजीं त्यांचे सोबती रिडली व लॅटिमर यांस जाळतांना त्यांस पाहावें लागलें. त्यानंतर त्यांचा धीर खचला. एकामागून एक अशा माघारीच्या कबुलीपत्रांवर त्यांनीं सह्या केल्या. तरीहि राणीनें क्षमा केली नाहीं.

२१ मार्च १५५६ रोजीं, पावसाच्या दिवशीं, त्यांस सेंट मेरी चर्चांत उभें केलें. काय बोलावयाचें तें आधींच लिहून ठरलें होतें. प्रार्थना झाली, लोकांस बोध झाला. तेथपर्यंत सर्व ठरल्याप्रमाणें. मग त्यांनीं लिहिलेला क्रम सोडला. मरणाच्या भयानें केलेल्या त्या सह्या खोट्या आहेत, आणि ज्या हातानें त्या केल्या तो हात पहिल्यानें जळेल, असें त्यांनीं सांगितलें. गलबला झाला व त्यांस व्यासपीठावरून ओढून काढलें. खांबाकडे ते जवळ जवळ धांवतच गेले, आणि ज्वाळा उठल्या तेव्हां त्यांनीं उजवा हात त्यांत धरून ठेविला. ते सहासष्ट वर्षांचे होते.

१५५९ सालीं राणी एलिझाबेथ हिनें थोडे फेरफार करून तें पुस्तक परत आणलें. १६६२ सालीं तें पुन्हां तपासून निघालें, आणि मिशनऱ्यांबरोबर हिंदुस्थानांत येऊन त्याचें मराठींतहि भाषांतर झालें. नाशिक व अहमदनगर या भागांतील अँग्लिकन मंडळ्यांत तें वापरांत होतें. त्या मंडळ्या १९७० सालीं उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त मंडळींत सामील झाल्या. १५४९ च्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर क्रॅन्मर यांचें नांव छापलेलें नव्हतें.