रमाबाई रानडे : घराचं दार उघडणारी बाई



रमाबाई रानडे हे नाव आपल्यापैकी बऱ्याच जणांना 'उंच माझा झोका' या मालिकेमुळे ओळखीचं झालं. मुलांना त्यांच्याविषयी सांगताना आपण बहुतेक वेळा एवढंच सांगतो, की न्यायमूर्ती रानड्यांनी आपल्या पत्नीला शिकवलं. ते खरंच आहे, पण ती अर्धीच गोष्ट झाली. शिकल्यावर रमाबाईंनी आपल्या घराचं काय केलं, ती उरलेली अर्धी गोष्ट आज पाहू.

रमाबाईंचा जन्म 1862 साली देवराष्ट्रे गावी कुर्लेकरांच्या घरात झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. मुलींना अक्षरओळख करून देण्याची तेव्हा रीत नव्हती. 1873 मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचं लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झालं. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे होते आणि त्यांची पहिली पत्नी नुकतीच वारली होती. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या माणसाने वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून एका लहान मुलीशी लग्न केलं, म्हणून त्यांच्यावर टीकाही खूप झाली.

रानड्यांनी तिला पाटी-पेन्सिलपासून शिकवायला सुरुवात केली. आधी मराठी, मग इंग्रजी. पण घर एकत्र कुटुंबाचं होतं. सुनेनं वाचत बसावं हे घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना मुळीच पटत नव्हतं. टोमणे, अबोला, मुद्दाम वाढवलेलं काम असं सगळं रोजचंच होतं. रमाबाई उलट उत्तर देत नसत आणि अभ्यासही सोडत नसत.

1882 मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या. वय अवघं चोवीस, पण विद्वत्ता मोठी. त्यांनी आर्य महिला समाज सुरू केला. बायकांनी एकत्र जमायचं, व्याख्यान ऐकायचं, विचार करायचा, ही गोष्ट पुण्याला नवी होती. रानडे पतिपत्नी या कामाच्या पाठीशी उभे राहिले. वीस वर्षांच्या रमाबाई तिथे जाऊन आल्या, की घरी पुन्हा बोलणी ठरलेली! पुढे मुलींच्या हायस्कूलची मागणी करणारं निवेदन त्यांनी गव्हर्नरांसमोर इंग्रजीत वाचलं, तेव्हाही घरात कौतुक झालं नाही, नाराजीच झाली. ते हायस्कूल 1884 मध्ये सुरू झालं. तीच आपली हुजूरपागा.

1893 मध्ये रानडे मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि बिऱ्हाड मुंबईला हललं. आता घराची सूत्रं रमाबाईंच्या हाती होती. न्यायाधीशांच्या घरी बायकांची ये-जा असायचीच. हळदीकुंकू करून, चार गप्पा मारून पाठवणी करता आली असती. रमाबाईंनी मात्र हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लबच्या कामात लक्ष घातलं आणि एकत्र जमण्याला हेतू दिला. तिथे भाषांचे वर्ग चालत, सामान्य ज्ञान शिकवलं जाई, शिवणकाम आणि हस्तकलाही असे. ज्यांना येत होतं त्या शिकवायच्या, ज्यांना येत नव्हतं त्या शिकायच्या.

जानेवारी 1901 मध्ये रानडे गेले. रमाबाई पुण्याच्या वाड्यात परतल्या आणि वर्षभर जवळजवळ एकांतात राहिल्या. मूलबाळ नव्हतं. एवढा मोठा वाडा रिकामा पडला. अनेक विधवांचं आयुष्य त्या काळी इथेच थांबायचं.

रमाबाई थांबल्या नाहीत. 1904 मध्ये मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष झाल्या. 1909 मध्ये गोपाळ कृष्ण देवधरांच्या साथीने पुण्याचं सेवासदन सुरू झालं, तेही रमाबाईंच्या स्वतःच्या वाड्यात. ज्या घराण्यात सुनेनं पुस्तक उघडलं तरी भुवया उंचावत, त्याच घराण्याच्या वाड्यात आता तरुण विधवा, परित्यक्ता आणि गृहिणी वह्या घेऊन येऊ लागल्या.

त्यांना नुसता धीर देऊन रमाबाई थांबल्या नाहीत. योग्य माणसांशी त्यांची गाठ घालून दिली. कुणाला शिक्षिका होण्याचं शिक्षण मिळालं, कुणी ससून हॉस्पिटलमध्ये नर्सिंग शिकायला गेली. परक्या रुग्णांची सेवा करणं हे तेव्हा प्रतिष्ठित घरांत कमीपणाचं मानलं जाई. त्यामुळे मुलींच्या आधी त्यांच्या घरच्यांना तयार करावं लागे. हे काम रमाबाईंना जमलं, कारण घरच्यांचा विरोध म्हणजे काय हे त्यांनी स्वतः सोसलं होतं.

1910 मध्ये त्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक आलं. 1924 मध्ये त्या गेल्या. सेवासदन आजही पुण्यात उभं आहे.

आता आपल्याकडे वळू या. दहावी-बारावी झालेल्या, कॉलेजात शिकणाऱ्या कितीतरी मुलामुलींना पुढची वाट सांगणारं माणूसच भेटत नाही. आपल्या ओळखीत मात्र नर्स असते, इलेक्ट्रिशियन असतो, बँकेत काम करणारी ताई असते. महिन्यातून एका रविवारी चार मुलं आणि अशी दोन माणसं आपल्या घरी बोलावायला काय लागतं? चहा, पोहे आणि बसायला एक सतरंजी. फक्त दोन गोष्टी सांभाळायच्या. कशासाठी जमायचं हे आधी ठरवायचं, आणि उठताना प्रत्येक मुलाला पुढे कुणाला भेटायचं हे कळलेलं असायला हवं.

वर्गात रमाबाईंचा धडा घेताना मुलांना एक प्रश्न जरूर विचारा : तुमच्या घरी कुणाला बोलावलं तर तुमच्या मित्राचं भलं होईल? उत्तरं वहीत लिहून घ्या. पहिल्या रविवारची यादी तिथेच तयार होईल.